वर फेकलेला चेंडू आणि उणे चिन्ह: गतीची उदाहरणे कशी मांडायची

महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमात गतीविषयक तीन समीकरणे नववीत येतात. दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तीच समीकरणे पडणाऱ्या वस्तूंसाठी पुन्हा वापरायची असतात आणि पुढे अकरावीत प्रक्षेप्य गती (हवेत फेकलेल्या वस्तूची गती) त्यांच्याच आधाराने शिकायची असते. सूत्रे पाठ करायला फारसा वेळ लागत नाही. तरीही उदाहरण चुकते, आणि ज्याचे चुकते त्याला सूत्र ठाऊक नसते असे क्वचितच घडते. गडबड आकडे सूत्रात घालण्याआधीच झालेली असते. मोजायला सुरुवात कुठून, धन दिशा कोणती, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा हिशोब चालला आहे, यांपैकी काहीच कागदावर लिहिलेले नसते. एवढे लिहून काढले की उरते ते साधे बीजगणित. म्हणून पुढे सूत्रांपेक्षा मांडणीबद्दलच जास्त लिहिले आहे.

पाच राशी, एक गैरहजर

सरळ रेषेतल्या गतीत पाच राशी येतात: सुरुवातीचा वेग यू, अंतिम वेग व्ही, त्वरण (वेग बदलण्याचा दर) ए, विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, दिशेसह) एस आणि कालावधी टी. समीकरणे अशी:

व्ही = यू + ए × टी
एस = यू × टी + ½ × ए × टी²
व्ही² = यू² + २ × ए × एस

पहिल्यात विस्थापन नाही, दुसऱ्यात अंतिम वेग नाही, तिसऱ्यात वेळ नाही. प्रत्येक समीकरणातून एक राशी गैरहजर आहे, आणि निवड करायची ती या गैरहजेरीवरूनच. पाचही राशी एकाखाली एक लिहा. दिलेल्यांपुढे आकडा आणि एकक, विचारलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. जी राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नाही ते आपले समीकरण. त्वरणच गैरहजर असेल तर एस = ½ × (यू + व्ही) × टी वापरावे. बऱ्याच मुलांना हे चौथे समीकरण आठवत नाही आणि ती आधी त्वरण काढून मग विस्थापन काढत बसतात. उत्तर तेच येते, पण वाटेत आकडा पूर्णांकात आणण्याची चूक शिरायला जागा मिळते.

तीन राशी हातात असल्याशिवाय उरलेल्या दोन निघत नाहीत. उदाहरणात दोनच आकडे दिसत असतील तर तिसरा शब्दांत दडलेला असतो. ‘विराम अवस्थेतून’ किंवा स्थिर हातातून ‘सोडून दिला’ म्हणजे यू शून्य. ‘थांबते’ म्हणजे व्ही शून्य. ‘जास्तीत जास्त उंची’ म्हणजे त्या क्षणी व्ही शून्य. ‘फेकणाऱ्याच्या हातात परत आला’ म्हणजे विस्थापन शून्य, चेंडू वीस मीटर वर जाऊन आलेला असला तरी. शेवटचे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे. ही समीकरणे विस्थापन मोजतात, कापलेले एकूण अंतर मोजत नाहीत. वस्तू मध्येच उलट फिरत असेल तर दोन्ही वेगळी निघतात.

आणखी एक अट आहे आणि ती मोडली तर सगळेच मोडते: त्या संपूर्ण कालावधीत त्वरण एकसारखे असले पाहिजे. गिअर बदलत वेग घेणारी बस, स्प्रिंगला टांगलेले वजन, पॅराशूट उघडताना खाली येणारा माणूस यांना ही समीकरणे जशीच्या तशी लावता येत नाहीत. त्वरण मध्येच बदलत असेल, समजा गाडी आधी वेग घेते, मग एकाच वेगाने जाते, मग ब्रेक लावते, तर उदाहरणाचे तितके तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याची पाच राशींची यादी वेगळी करावी. आदल्या तुकड्याचा अंतिम वेग हा पुढच्याचा सुरुवातीचा वेग. तुकडे जोडणारा दुवा तेवढाच.

ब्रेकचे गणित आणि मागे जाणारी गाडी

एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर तिला ६ मी/से² मंदन, म्हणजे वेग कमी करणारे त्वरण, मिळते. ५ सेकंदांत ती किती पुढे जाईल?

आधी एकक. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की मीटर प्रति सेकंद मिळतात: ६० भागिले ३.६ म्हणजे १६.६७ मी/से. हे करायचे राहिले तर तिसऱ्या समीकरणातून थांबण्याचे अंतर ३०० मीटर येते. तो आकडा पाहूनच शंका यायला हवी, कारण साठच्या वेगातली मोटार कोरड्या रस्त्यावर थांबायला पाव किलोमीटरहून जास्त अंतर घेत नाही.

आता दुसऱ्या समीकरणात आकडे घालू. एस = १६.६७ × ५ − ½ × ६ × २५ = ८३.३ − ७५ = ८.३ मीटर. हिशोब बरोबर, चिन्ह बरोबर, एकक बरोबर, उत्तर मात्र चूक. पहिल्या समीकरणातून थांबायला लागणारा वेळ काढला तर तो १६.६७ भागिले ६, म्हणजे २.७८ सेकंद येतो. गाडी त्या क्षणी थांबली. समीकरणाला हे ठाऊक नाही. ते उरलेले २.२२ सेकंद तेच उणे त्वरण लावत राहिले आणि गाडीला मागे घेऊन गेले. ब्रेक गाडीला थांबवतो, उलट पळवत नाही. खरे अंतर थांबेपर्यंतचे: १६.६७² भागिले १२, म्हणजे २३.१ मीटर. पाच सेकंद झाले काय किंवा पन्नास झाले काय, तेवढेच.

म्हणून ब्रेकच्या प्रत्येक उदाहरणात थांबण्याचा वेळ आधी काढायचा आणि मगच विचारलेल्या वेळेकडे पाहायचे. परीक्षकांना हा सापळा फार आवडतो.

याच आकड्यांनी रस्त्यावरची एक महत्त्वाची गोष्टही कळते. चालकाला धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले तर साठच्या वेगात गाडी त्या सेकंदात १६.७ मीटर जाते आणि मग ब्रेकखाली २३.१ मीटर, एकूण जवळपास ४० मीटर. ऐंशीच्या वेगात पहिला आकडा २२.२ होतो, दुसरा ४१.२, एकूण ६३ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, थांबण्याचे अंतर निम्म्याहून जास्त वाढले. तिसऱ्या समीकरणातल्या वर्गाचा हा परिणाम. रस्ता ओला असेल तर मंदन कमी मिळते आणि दुसरा आकडा आणखी फुगतो.

पडणाऱ्या वस्तू

जमिनीजवळ, हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर सुटी सोडलेली प्रत्येक वस्तू एकाच त्वरणाने खाली येते. हे गुरुत्व त्वरण सरासरी ९.८ मी/से² आहे. विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ आहे, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा. शाळेच्या उदाहरणात कधी ९.८ तर कधी १० घ्यायला सांगतात. १० घेतल्याने त्वरणात दोन टक्क्यांची चूक येते, पण पडायला लागणारा वेळ वर्गमुळातून निघत असल्यामुळे तिथे ती एक टक्काच उरते. तोंडी अंदाजासाठी १० उत्तम. लेखी उत्तरात प्रश्नपत्रिकेने दिलेलीच किंमत घ्यावी आणि एका उदाहरणात दोन्हींची सरमिसळ करू नये.

वस्तुमान या समीकरणांत कुठेच नाही. उदाहरणात ‘२ किलोग्रॅमचा दगड’ असे लिहिलेले असले तरी पडण्याच्या वेळेशी त्या दोन किलोंचा संबंध नाही. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरे, पण तिला गती देणेही त्याच प्रमाणात अवघड असते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत खोडतात. अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. हवा नसल्याने दोन्ही एकदमच खाली पोचली. चंद्रावर गुरुत्व त्वरण १.६२ मी/से² आहे. सुमारे १.६ मीटर उंचीवरून पडायला तिथे १.४ सेकंद लागतात, पृथ्वीवर ०.५७.

साधे उदाहरण घेऊ. १२ मीटर उंच माडावरून नारळ सुटला. जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती?

उत्तरपत्रिकांत इथे एक चूक वारंवार दिसते: ‘जमिनीवर नारळ थांबतो, म्हणून व्ही शून्य.’ यू शून्य, व्हीही शून्य, मग पहिल्या समीकरणातून वेळही शून्य. नारळ पडलाच नाही! आपला हिशोब नारळ जमिनीला टेकण्याच्या आधीच्या शेवटच्या क्षणी संपतो. टेकल्यानंतर जमीन त्याच्यावर प्रचंड बल लावते, त्वरण बदलते, आणि तो वेगळा तुकडा होतो. कोणत्या क्षणापर्यंतचा हिशोब हे आधी लिहिण्याचा आग्रह यासाठीच.

वेळ विचारलेली नाही, म्हणून तिसरे समीकरण: व्ही² = २ × ९.८ × १२ = २३५.२, आणि व्ही = १५.३ मी/से, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. पडायला १.५७ सेकंद लागले. वर पाहून बाजूला व्हायला एवढाच वेळ मिळतो. नारळाच्या झाडाखाली उभे राहू नये या घरच्या सूचनेमागे हे आकडे आहेत.

उण्याचा हिशोब

आता या लेखाचा गाभा. २० मीटर उंच गच्चीच्या कठड्याजवळून एक चेंडू १५ मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो कठड्याबाहेरून खाली जमिनीवर पडतो. किती वेळाने?

बहुतेक जण याचे दोन तुकडे करतात: आधी वर जाणे, मग खाली येणे. तसे केले तरी चालते, पण गरज नाही. फेकल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत चेंडूवर एकच त्वरण आहे, त्याची दिशा एकच आहे, खाली. वर जातानाही खाली, खाली येतानाही खाली, आणि सर्वांत वरच्या बिंदूलाही खाली. त्या बिंदूला वेग शून्य असतो, त्वरण शून्य नसते. वेगाबरोबर त्वरणही शून्य झाले असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

मांडणी अशी. आरंभबिंदू गच्चीवर, हाताशी. वरची दिशा धन. मग यू = +१५. त्वरण खाली, म्हणून ए = −९.८. चेंडू शेवटी आरंभबिंदूच्या २० मीटर खाली आहे, म्हणून एस = −२०. टी शोधायचा आहे, व्ही गैरहजर, म्हणून दुसरे समीकरण:

−२० = १५ × टी − ४.९ × टी²

म्हणजे ४.९ × टी² − १५ × टी − २० = ०. वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली २२५ + ३९२ = ६१७ येतात, वर्गमूळ २४.८४. टी = (१५ + २४.८४) भागिले ९.८ = ४.०७ सेकंद. दुसरे मूळ −१.००.

पडताळा घेऊ, तुकडे करून. वर जायला १५ भागिले ९.८, म्हणजे १.५३ सेकंद. तेवढ्यात चेंडू गच्चीच्या वर २२५ भागिले १९.६, म्हणजे ११.४८ मीटर चढला. जमिनीपासून ३१.४८ मीटर. तिथून पडायला २.५३ सेकंद. बेरीज ४.०६. शेवटचा आकडा पूर्णांकनामुळे एकाने हलला, उत्तर तेच.

चिन्हे चुकली की काय होते ते पाहिले पाहिजे, कारण दोन चुका दोन वेगळ्या तऱ्हेने वागतात. समजा कोणी त्वरण −९.८ घेतले पण ‘उंची नेहमी धन’ म्हणून विस्थापन +२० लिहिले. आता वर्गमुळाखाली २२५ − ३९२ येतात, ऋण संख्या, आणि गणित अडते. समीकरण इथे खरे तेच सांगत आहे: तुम्ही विचारलेत की चेंडू गच्चीच्या २० मीटर वर कधी पोचेल, आणि तो तर साडेअकरा मीटरच चढतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच समोर येते.

दुसरी चूक गप्प बसते. कोणी ‘खाली पडतो आहे’ म्हणून त्वरण +९.८ आणि विस्थापन +२० घेतले, म्हणजे खालची दिशा धन मानली, पण सुरुवातीचा वेग +१५ च ठेवला. समीकरण विनातक्रार सुटते आणि टी = १.०० सेकंद येतो. दिसायला उत्तर छान आहे, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे: गच्चीवरून चेंडू १५ मी/से वेगाने खाली फेकला तर किती वेळ लागेल? खालची दिशा धन मानणे मुळीच चूक नाही, मात्र तसे मानले की वर फेकलेल्या चेंडूचा वेग −१५ लिहावा लागतो. दिशा एकदा ठरली की ती तिन्ही राशींना लागू होते. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक बाण काढून त्याच्याशेजारी अधिकचे चिन्ह लिहायची सवय लावावी आणि ते उदाहरण संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

यू, एस आणि ए यांची चिन्हे ठरवताना ‘ही राशी वाढते आहे की कमी होते आहे’ असे विचारू नका. ‘हिचा बाण कुठे रोखलेला आहे’ असे विचारा. ‘वर जाताना वेग कमी होतो म्हणून उणे, खाली येताना वाढतो म्हणून अधिक’ हा नियम शिकवणीत सर्रास सांगितला जातो. एकाच दिशेच्या गतीपुरता तो निभावतो. वर जाऊन खाली येणाऱ्या चेंडूच्या बाबतीत मात्र तो मध्येच त्वरणाचे चिन्ह बदलायला लावतो आणि मग एका समीकरणात अख्खा प्रवास बसवता येत नाही.

उरले ते दुसरे मूळ, −१.००. वेळ ऋण असू शकत नाही म्हणून मुले ते खोडतात. आपल्या प्रश्नासाठी ते खोडणे बरोबरच आहे, पण त्या मुळालाही अर्थ आहे. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, हात ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने चेंडू नेहमीच हवेत होता. जमिनीवरून कोणी असा चेंडू वर फेकला असता की तो गच्चीच्या पातळीला नेमका १५ मी/से वेगाने पोचला असता, तर तो आपल्या शून्य क्षणाच्या एक सेकंद आधी जमिनीवरून सुटला असता. आणि चुकीच्या मांडणीतून आलेले १.०० सेकंद हा योगायोग नाही: वर जाताना जेवढा वेळ, तेवढाच त्याच टप्प्यातून खाली येताना. जमिनीवर आदळतानाचा वेग काढलात तर चेंडू वर फेका किंवा त्याच वेगाने खाली फेका, दोन्हीकडे २४.८ मी/से येतो. वर फेकलेला चेंडू परत हाताच्या पातळीला येतो तेव्हा तो १५ मी/से वेगानेच खाली जात असतो, आणि तिथून पुढे दोन्ही प्रवास सारखेच.

‘सोडला’ म्हणजे काय

१५ मी/से वेगाचा चेंडू कळला की फुग्याचे उदाहरण सोपे होते. गरम हवेचा फुगा ५ मी/से वेगाने वर चढत आहे. ३० मीटर उंचीवर असताना त्यातून वाळूची पिशवी सोडली. ‘सोडली’ शब्द वाचून यू शून्य लिहिले की चुकलेच. हातातून सोडली याचा अर्थ हाताच्या तुलनेत ती स्थिर होती. हात फुग्याबरोबर वर चालला होता, म्हणून पिशवीही सुटताना ५ मी/से वेगाने वर जात होती. ती आधी थोडी वर चढते, मग पडते. −३० = ५ × टी − ४.९ × टी² सोडवले की ३.०४ सेकंद येतात. शून्य धरला असता तर २.४७ आले असते. लिफ्ट, चढते हेलिकॉप्टर, उंच जाणारे रॉकेट, सगळीकडे हाच नियम.

आडवे फेकलेल्या वस्तूचे गणितही याच धाग्यातले. २० मीटर उंचीवरून दगड ८ मी/से वेगाने आडवा फेकला तर उभ्या दिशेत त्याचा सुरुवातीचा वेग शून्य आहे. पडायला २.०२ सेकंद, म्हणजे नुसता सोडला असता तेवढेच. आडव्या दिशेत त्वरण नाही, म्हणून तेवढ्या वेळात तो ८ × २.०२, सुमारे १६ मीटर पुढे जातो. दोन दिशांच्या दोन याद्या करायच्या, दोघींत सामाईक फक्त वेळ.

विहिरीची खोली

विहिरीत दगड टाकला, २ सेकंदांनी ‘डुबुक’ ऐकू आले. पाणी किती खोलवर आहे? पटकन उत्तर: ४.९ × ४ = १९.६ मीटर. पण त्या २ सेकंदांत दगडाचे पडणे आणि आवाजाचे वर येणे अशा दोन गोष्टी आहेत. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला ३४३ मी/से धरला आणि दोन्ही वेळांची बेरीज २ सेकंद मांडली, तर पडण्याचा वेळ १.९५ सेकंद आणि खोली १८.५५ मीटर येते. फरक जवळपास एक मीटरचा.

हा फरक काढण्यात अर्थ आहे का, हे मात्र वेळ कशी मोजली त्यावर आहे. दगड पाण्याला टेकताना सुमारे १९ मी/से वेगात असतो. हाताने स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते, आणि ०.२ × १९ म्हणजे खोलीत ३.८ मीटरची चूक. आवाजाची दुरुस्ती त्या चुकीपेक्षा लहान आहे. हाताने मोजलेल्या वेळेवरून ‘१८.५५ मीटर’ असे दोन दशांश लिहिणे म्हणजे माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्याचे सांगणे. ‘सुमारे १९ मीटर, चार मीटर इकडेतिकडे’ हे जास्त प्रामाणिक उत्तर. पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, आणि दिलेल्या आकड्यांत जितके सार्थ अंक, तितकेच उत्तरात.

हवा कधी विसरायची

‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’ हे वाक्य नारळाला चालते, तिथे उत्तरात काही टक्क्यांचाच फरक पडतो. पावसाच्या थेंबाला ते अजिबात चालत नाही. २ किलोमीटर उंचीवरच्या ढगातून थेंब पडला आणि हवा नसती, तर तो जमिनीवर १९८ मी/से वेगाने, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून जास्त वेगाने आदळला असता. प्रत्यक्षात पाच मिलिमीटर व्यासाचा मोठा थेंबही सुमारे ९ मी/से वेगानेच खाली येतो आणि भुरभुर पावसातला अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सुमारे २ मी/से वेगाने. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, आणि तो थेंबाच्या वजनाएवढा झाला की त्वरण शून्य होते. पुढचा सगळा प्रवास एकाच वेगाने, आणि तिथे आपल्या समीकरणांत ९.८ घालणे चूक. वस्तू जितकी हलकी आणि पसरट, तितक्या लवकर ही वेळ येते.

हाताशी असलेला पडताळा

आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारे स्लो मोशन असते. त्यावर गुरुत्व त्वरण घरीच मोजता येते, आणि मोजताना वरच्या सगळ्या गोष्टी कामी येतात. लेदरचा चेंडू किंवा मोठी गोटी घ्यावी. टेबल टेनिसचा चेंडू नको, दोन मीटरांतच त्याला हवा चांगली अडवू लागते.

२ मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद, म्हणजे १५३ चित्रे लागतात. फोन हीच चित्रे सावकाश दाखवतो, म्हणून पडद्यावरचे सेकंद वापरू नका. चित्रे मोजा आणि २४० ने भागा. त्वरण = २ × उंची भागिले वेळेचा वर्ग. १५३ चित्रे मोजली तर ९.८४ येते, १५४ मोजली तर ९.७१. एका चित्राची चूक परवडते.

खरी अडचण सुरुवातीला आहे. सुटल्यावर पहिल्या पाच चित्रांत चेंडू मिळून दोन मिलिमीटरच खाली येतो, आणि तो नेमका कधी सुटला हे डोळ्यांना दिसत नाही. सुटल्याचे पाच चित्रे उशिरा लक्षात आले तर मोजणी १४८ होते आणि त्वरण १०.५ येते. चूक बहुधा याच बाजूला होते, म्हणून घरच्या मोजणीत उत्तर दहाच्या वर जाण्याची प्रवृत्ती दिसते.

उपाय असा की सुटण्याचा क्षण वापरायचाच नाही. चेंडूच्या मार्गाशेजारी उभी पट्टी लावा. चेंडू स्पष्ट हललेला दिसतो असे कोणतेही चित्र निवडा आणि तिथून ४८-४८ चित्रांच्या, म्हणजे ०.२ सेकंदांच्या अंतराने तीन चित्रांतली चेंडूची जागा पट्टीवर वाचा. पहिल्या दोन जागांमधले अंतर आणि पुढच्या दोन जागांमधले अंतर यांची वजाबाकी करा. दुसऱ्या समीकरणात सुरुवातीचा वेग काहीही ठेवून ही वजाबाकी केली तर यू गळून जातो आणि उरते फक्त ए × टी². ०.२ सेकंदांसाठी ती ९.८ × ०.०४, म्हणजे ३९.२ सेंटिमीटर यायला हवी. चेंडू विराम अवस्थेतून सुटला असेल तर लागोपाठच्या समान कालखंडांतली अंतरे १९.६, ५८.८, ९८ सेंटिमीटर अशी येतात, म्हणजे १ : ३ : ५. उतरत्या फळीवरून चेंडू सोडून गॅलिलिओने जो विषम संख्यांचा नियम मांडला, तो हाच.

पट्टी भिंतीवर चिकटवून चेंडू तिच्यापुढे सोडला तर मात्र वाचन फसते. फोन भिंतीपासून ३ मीटरवर आणि चेंडू भिंतीच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर पट्टीवर प्रत्येक अंतर ३ भागिले २.७ पट, म्हणजे ११ टक्के मोठे दिसते आणि त्वरण १०.९ येते. पट्टी चेंडूच्याच प्रतलात धरावी, फोन पडण्याच्या मार्गाच्या मध्यावरच्या उंचीवर स्थिर टेकवावा आणि जागा वाचताना दर वेळी चेंडूची खालचीच कड पाहावी.